झडपेवरची जागा

"तो झडपेवर उभा राहिला की कडी ओढ. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडे."

नवरा जाऊन वर्ष होत आलं, तरी रंगमंचाखाली शिरलं की त्याचा आवाज तिला असा ऐकू यायचा, शेजारी बसून बोलल्यासारखा. नाटकात तो मेलेल्या राजाचं भूत व्हायचा. एका प्रयोगात त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाने रंगमंचाच्या फळ्यांमधली झडप मुद्दाम उघडी ठेवली, ती पायाखाली आली आणि माणूस सरळ खाली कोसळला. लोकांनी अपघात म्हणून हळहळ केली. ती मात्र त्या आवाजाला 'ओढीन' असा शब्द देऊन बसली.

तेव्हापासून झडप खालून उघडणाऱ्या कडीचं काम तिने मागून घेतलं होतं. दर प्रयोगात राजपुत्र झालेला दीर नेमका त्या झडपेवर येऊन बोलायचा, आणि दर वेळी ती कडीवरचा हात काढून घ्यायची. कधी त्याची लेक पहिल्या रांगेत असायची, कधी त्यालाच खोकला झालेला असायचा. तिला कडी ओढवत नव्हती आणि काम सोडवत नव्हतं.

आज पहिली घंटा झाल्यावर दीर जिना उतरून तिच्यापाशी आला.

"वहिनी, उरका की एकदाचं."

"काय उरकू, भाऊजी?"

"दिग्दर्शक रोज माझ्या नावाने बोंबलतात, झडपेपासून दोन पावलं मागे उभा राहा म्हणून."

"मग राहा ना मागे," तिच्या तोंडून निघून गेलं.



"कसा राहू? दादा रोज उशाशी येऊन बसतो. झडपेवरच उभा राहीन, असा त्याला शब्द दिलाय," एवढं बोलून तो जिना चढू लागला.