पाणी निघालं

“टँकर अजून गचके खातोय,” प्रेरणा म्हणाली. “जरा सुळकन पळू दे.”

अझहरनं कपाळाला हात लावला. टँकर मागवायचं ॲप दोघांनी मिळून काढलेलं. सकाळपासून तो हर्सूलच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खात होता, कारण खरे टँकर वेळेवर पोचत नव्हते. आणि ही बाई मोबाइलातल्या हिरव्या टँकरची चाकं घासत बसलेली! मागणीचं बटण दाबलं की तो पळायला लागायचा, फोन हलकेच थरथरायचा आणि खाली अक्षरं उमटायची, ‘पाणी निघालं.’

“अगं, ड्रायव्हरनं हो म्हणायच्या आधीच निघालं?”

“म्हणतोच की तो. बटण दाबलं की माणसाची काळजी मिटली पाहिजे, अझहर.”

“काळजी मिटून हंडा भरत नाय.”

पण भांडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्यानं हा नवा बदल साऱ्या गिऱ्हाइकांच्या फोनवर चालू करून टाकला.

दुपारी प्रेरणा पडेगावला घरी निघाली. डोळे चुरचुरत होते. महिनाभर धड झोप नव्हती. वाटेत अझहरचा फोन आला. “टँकर भरायची मोटर जळाली. आज एकबी गाडी हलत नाय. उद्याचंबी खरं नाय.”

ती गल्लीत वळली तर रस्ता ओला. पाण्याचे ओघळ पार कोपऱ्यापर्यंत आलेले. तिचा जीव भांड्यात पडला. चला, आपल्या गल्लीत तरी टँकर येऊन गेला.

दारात तिची आई, गीताबाई, ड्रम आडवा पाडून काथ्यानं घासत होती. शेजारच्या जोहराभाभींचा ड्रम धुऊन पालथा घातलेला. गल्लीची रीतच तशी. टँकर निघाला म्हणून ड्रायव्हरचा फोन आला की तळाचं शिळं पाणी ओतून द्यायचं. त्याआधी कुणी थेंब सांडत नसे.

“आई, टँकर येऊन गेला?”

“येतोय ना. निघालाय कवाच.” गीताबाईनं पदराला हात पुसून मोबाइल पुढं केला. हिरवा टँकर सुळसुळ पळत होता. “साऱ्या गल्लीनं ड्रम रिकामे केले. ड्रायव्हरच्या फोनची वाट बघायचं लचांडच गेलं. लई चांगलं केलंस, पोरी. बटण दाबलं अन् काळजी मिटली.”

हे एक वाक्य ऐकायला मिळावं म्हणून प्रेरणा महिनाभर झोपली नव्हती.