आपल्या बोलीतली उपासना

आत्याला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. आदिवासींमधून झालेला पहिला पाळक म्हणजे तिचा भाचा, आणि आज तो पहिल्यांदाच आपल्या बोलीत उपासना चालवणार होता. सगळ्या वस्तीला तिने दम भरला होता, आज पुढच्या बाकांवर बसायचं, मागे दिसलात तर माझ्याशी गाठ आहे.

चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि तिच्याच पायांनी दगा दिला. ती सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसली. जित्याची खोड! इतकी वर्षं आपली जागा तीच, पुढची बाकं शहरातल्यांची. मागून आलेली वस्ती तिच्याभोवतीच दाटीवाटीने बसली, उरलेले दाराशी उभे राहिले. अगदी पुढे एकटे बिशपसाहेब. मधली सगळी बाकं ओस.

बिशपसाहेबांनी आधीच बजावलं होतं, लोकांना ही उपासना मनापासून हवी आहे असं दिसलं तर दर रविवारी, नाहीतर आजचीच शेवटची. आत्याने मधल्या ओस बाकांकडे पाहिलं. उठून पुढे जावं, तर सगळ्यांच्या देखत पाय उचलेना.

भाच्याने वेदीवरून पाहिलं. कपाळाला आठी पडली, मग त्याला हसूच फुटलं. झगा सावरत तो धावतच मागे आला.

"बाकं फिरवा," तो म्हणाला. "आज पुढची बाजू इकडे."

मग काय विचारता! गडीमाणसं बाकांना भिडली. फरशी करकरली, बायका हसायला लागल्या, ज्याच्या पायावर बाक आलं तोही हसला. दाराशी उभे असलेले रिकाम्या बाकांवर जाऊन बसले. भाचा दाराला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने आपल्या बोलीत देवाला हाक मारली, घरातल्याच माणसाला मारावी तशी. सगळी वस्ती एका आवाजात ओ देत उठली. आत्याचे डोळे भरून आले. इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

बिशपसाहेब आता सगळ्यांच्या मागे पडले होते. थोडा वेळ त्यांनी चुळबुळ केली, मग उठून तेच पुढे आले. आत्याने सरकून जागा दिली. गाणं सुरू झालं तसे ते हळूच तिच्याकडे वाकले.

"काय म्हणताहेत? मला तर एक अक्षर कळत नाही."

आत्याने त्यांच्या हातावर थोपटलं.

"नुसतं ऐकत राहा, साहेब. पुढच्या रविवारी थोडं कळेल. आम्हीही तुमचं असंच शिकलो."