चौकातल्या चपला

मोर्चावर गोळीबार झाला, माणसं पांगली, चौकात चपला तेवढ्या राहिल्या. सकाळी झाडूवाल्या मावशींनी त्यांचा ढीग केला आणि पाठ वळवली. परत बघतात तो चपला जोडीजोडीने रांगेत, सगळ्यांची तोंडं सचिवालयाकडे.

"कुणाला थट्टा सुचतेय, मेल्यांनो?"

"मावशी, इथे आपण दोघंच आहोत," पहाऱ्यावरचा शिपाई चाचरत म्हणाला.

पहिल्या जोडीचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला. मावशींनीच शिवला होता. लेकाने मोर्चाला जाऊ नये म्हणून त्या चपला त्यांनी काल माळ्यावर लपवल्या होत्या. आज निघताना तो डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेला वाटला होता; तोंड काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

मावशी वाकल्या. चपला उचलेनात, कुणी घालून उभं असल्यासारख्या.

"घरी चल रे," त्या पुटपुटल्या.

सगळ्या रांगेने एक पाऊल पुढे टाकलं.