झडती

आईने लेकीच्या जॅकेटचा खिसा उलटा केला, तेव्हा लेक दारातच उभी होती.

लॉन्ड्रीत आईचं दिवसभर हेच काम. कपडा मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटायचे, कॉलर हुंगायची. कुणाचा घाम, कुणाचा धूर, कुणाची चोरटी चैन, सगळं नाकाला कळायचं. लेकीवर नजर ठेवा, असा शाळेतून फोन आल्यापासून घरीही हात थांबेनात. उशीचा अभ्रासुद्धा ती हुंगून पाही.

खिशातून पुडी निघाली. आत नशेच्या निळ्या गोळ्या.

कुणाच्या, विचारलं, तर मैत्रिणीच्या. कुठल्या मैत्रिणीच्या, कधीपासून, तर नुसते खांदे उडवले. आईच्या मनात पाल चुकचुकली. हिचा एक तरी शब्द खरा असेल का?

मग लेकच म्हणाली, "मावशीने सांगितलंय मला. तू मला पाडायला गेली होतीस."

आई पलंगावर बसली. तेव्हा ती राहायची त्या देशात नुकताच गर्भपातबंदीचा कायदा आला होता. डॉक्टरीणबाईंनी दार अर्धवट उघडून हात वर केले होते.

"कायदा आड आला नसता तर मी नसते. खरं ना?"

मावशी काहीबाही बरळते, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण लेक टक लावून बघत होती, कुठे काय दडवलंय ते धुंडाळत, अगदी आईसारखीच.

"खरं," आई म्हणाली. "नको होतीस. तुझ्याहून जराशीच मोठी होते मी. पोटात कोण आहे, मला काय ठाऊक?"

"आणि आता?"

"आता तू हातची जाशील म्हणून स्वतःच्याच घरात चोरासारखी हिंडते."

लेकीने पुढे येऊन जॅकेट ओढून घेतलं, त्याच्या टोपीची शिवण उसवली आणि आणखी एक पुडी आईच्या मांडीवर ठेवली. लॉन्ड्रीवाली असून टोपी विसरलीस, म्हणाली. हसली मात्र नाही.

आईचे डोळे भरून आले. तरी मेला हात जॅकेटच्या बाहीकडे वळलाच. तिने तो मागे घेऊन मांडीवर दाबून धरला.

लेकीने ते पाहिलं. मग स्वतःच बाही उलटी करून पुढे धरली.

"बघ," ती म्हणाली. "इतक्यात विश्वास नको ठेवूस."