आधी बॅटरी

वरोऱ्याच्या पुढे पारा एक्कावन्नावर गेला आणि विजेवर चालणाऱ्या ट्रकच्या केबिनमधली गार हवा एकाएकी बंद पडली. कुंदा वासेकरच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने गाडी कडेला घेतली आणि धाकट्या भावाला, दिवाकरला, फोन लावला. ट्रक दोघांचा होता. चालवायला त्याला तिनेच शिकवलं होतं.

"एसी बिघडला रे."

"बिघडला नाही, ताई. या उन्हात बॅटरी दोन उन्हाळेसुद्धा टिकत नाही, नवी लवकर मिळत नाही. म्हणून मी सेटिंग बदललं. आधी बॅटरी गार होते, उरलं तर केबिन."

"आणि आत मी बसते, हे ठाऊक होतं ना तुला?"

तो म्हणाला, "माणूस काढतो गं कळ. बॅटरी नाही काढत."

कुंदाने ट्रकचा मेन स्विच बंद केला आणि पाण्याची बाटली घेऊन कडुलिंबाखाली जाऊन बसली. थोड्याच वेळात फोन वाजला.

"ताई, माझ्या मोबाइलवर दिसतंय, बॅटरी तापतेय! आधी गाडी चालू कर!" दिवाकर ओरडत होता.

ती कुठे आहे, कशी आहे, हे त्याने विचारलंच नाही. कुंदाने फोन बंद केला आणि चंद्रपूरकडे निघालेल्या एसटीला हात दाखवला.