जोडव्यांचा दोरा

जोडवी गळून पडू नयेत म्हणून त्यांच्यावर गुंडाळलेला दोरा आईने सोडला आणि शाल्मलीच्या हातात दिला. "टाकून दे. आता घट्ट बसतात. अंगी लागलं बघ तुझं जपानी औषध."

आजारपणात आई वाळून काडी झाली होती. जपानी काढ्यांनी शरीरातली साखर-चरबी कशी बदलते, यावर शाल्मली सहा वर्षं जपानात संशोधन करत होती. त्याच काढ्यांच्या भूक वाढवणाऱ्या पुड्या घेऊन ती सांगलीला आली होती. महिन्याभरात आईचं वजन तीन किलोंनी वाढलं.

तिने हसतच आईच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. ते मांस नव्हतं, पाणी होतं. पुडीतलं ज्येष्ठमध अंगात पाणी धरून ठेवतं, हे तिनेच प्रबंधात लिहिलं होतं.

"उद्यापासून दोन पुड्या देत जा," आई म्हणाली. "तू जायच्या आत तुला पुरणपोळी करून घालते."

शाल्मलीने दोरा नीट गुंडाळून पर्समध्ये ठेवला. पुड्या बंद होऊन सूज उतरली की तो पुन्हा लागणार होता.