वरणातली गोळी

“चहात नको, वरणात चालेल,” मंजुश्री म्हणाली. “फक्त गोळीला वास नसावा.”

डॉ. मालविकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. समोरची बाई त्यांच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात चाकूरहून एसटीने आली होती. तिशी नुकतीच ओलांडलेली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. बोलताना दर मिनिटाला तिची नजर टेबलावरच्या मोबाइलकडे जात होती.

“नवऱ्याला न सांगता द्यायची?”

“सांगितलं तर घेणार न्हाईत. मी वेडा हाय का, म्हणतील. भावाशी बोलणं तोडलं. दुकानातली माणसं काढून टाकली, सगळे भावाला मिळालेत म्हणून. आता माझ्यावर आलंय. ताट वाढलं की पहिला घास मला खायला लावतात. मी गिळला की मग जेवतात.”

“मग गोळी तुमच्याही पोटात जाईल.”

“जाऊ द्या.”

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. मग विचारलं, “हात उगारतात?”

“न्हाई. कधीच न्हाई. नुसते बघत राहतात.” ती थांबली. “परवा शेजारी वाढदिवस होता. माझी पोरगी सात वर्षांची हाय. केक हातात घेऊन मैत्रिणीला म्हणाली, आधी तू खा. तेव्हा ठरवलं, लातूरला जायचं.”

“हे बघा, मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यामुळे कसलंही नाव देणार नाही. पण काही माणसांचा स्वभावच असा घडत जातो, की सगळं जग आपल्यावर टपलंय असं वाटतं. त्याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. ज्याला होतो त्याला तो आजार वाटत नाही. त्याला वाटतं, सगळे झोपलेत आणि मी एकटाच जागा आहे.”

“बरा होतो का पण?”

“एका गोळीने नाही. बोलून बोलून, सावकाश. आणि लपवून तर मुळीच नाही. आज त्यांचा संशय खोटा आहे. तुम्ही वरणात गोळी घातली की तो खरा होईल.”

मंजुश्रीने मान खाली घातली. तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं. तिने उचलायला वेळ लावला नाही.

“कुठं हायस?” अमरेशचा आवाज खोलीभर ऐकू आला.

“दाताच्या दवाखान्यात. सांगितलं होतं ना सकाळी.”

“कोणत्या मजल्यावर?”

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. “दुसऱ्या.”

“दाताचा दवाखाना खाली हाय. मी त्याच्याच दारात उभा हाय.”

फोन बंद झाला. मंजुश्री उठली, पुन्हा बसली. खोलीला दार एकच होतं. जिन्यावर चपलांचा आवाज आला, सावकाश, एकेक पायरी चढत.

“मी सांगू का काही?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

तिला उत्तर सुचण्याआधीच दार उघडलं. अमरेश आत आला नाही. उंबऱ्यातच थांबला. कपाळावर भस्माची रेघ, शर्टावर रस्त्याची धूळ. एसटीच्या मागे मोटारसायकल घालून आला असावा. त्याने आधी खोलीचे कोपरे पाहिले, मग खिडकी, मग बायको.

“माझ्याबद्दलच बोलून राहिल्या होत्या ना दोघी?”

हा प्रश्न त्याने लग्नाच्या अकरा वर्षांत कितीदा विचारला असेल. बहिणीशी फोनवर बोलताना, शेजारणीपाशी उभी असताना, देवळात. दर वेळी ती म्हणायची, न्हाई हो, काहीतरीच. तेच शब्द आताही तिच्या जिभेवर आले होते. डॉक्टर तिच्याकडे पाहत होत्या.

“हाव,” मंजुश्री म्हणाली. “तुमच्याबद्दलच.”

अमरेशची नजर हलली नाही.

“तुमच्या वरणात घालायला गोळी मागायला आले होते.” ती थांबली नाही. “मॅडमनी न्हाई दिली. मला तुमची लई भीती वाटते. आता पोरगीही तशीच व्हायला लागलीय.”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत राहिलं. मंजुश्रीने खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली होती. तो ओरडेल, दंडाला धरून ओढत नेईल, नाहीतर काही न बोलता निघून जाईल आणि ती घरी पोचेल तेव्हा पोरगी तिथे नसेल. डोळ्यांसमोर एकामागून एक सगळं येऊन गेलं.

“मी म्हणत होतो ना,” अमरेश म्हणाला.

आवाजात राग नव्हता. बऱ्याच दिवसांनी ओझं उतरवल्यासारखे त्याचे खांदे सैल झाले होते. तो आत आला. भिंतीला लागून असलेली खुर्ची त्याने दाराकडे तोंड करून वळवली आणि तिच्या अगदी काठावर बसला.

“दार उघडं राहू द्या,” तो डॉक्टरांना म्हणाला.

“राहू द्या. इथे तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी काही देणार नाही, अमरेशजी. आज बसावंसं वाटत नसेल तर बसू नका. पुढच्या बुधवारी पुन्हा वेळ आहे.”

तो उघड्या दाराकडे बघत बसून राहिला. पाच मिनिटं गेली असतील. मग उठला, बायकोची पिशवी उचलली, तिच्यात हात घालून पाहिलं आणि ती खांद्याला लावली.

“बुधवारी हिला एकटीला पाठवणार न्हाई मी,” तो म्हणाला.

मंजुश्रीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. धमकी होती की काय होतं, तिला कळलं नाही. डॉक्टरांनी वही ओढली आणि बुधवारच्या पानावर दोन नावं लिहिली.